ऋतूची पावडर

३ एप्रिल
चंदगडची मुक्कामाची गाडी घेऊन दुपारी डेपोत. तिकिटाचं मशीन जमा केलं, घरी येऊन अंघोळ, तासभर पडले आणि संध्याकाळी ऋतूबरोबर जिमला. पहिला दिवस. बारावीचे पेपर संपल्यापासून पोरगी मागे लागली होती, "आई, तू पण चल की." डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, इतकी वर्षं हलत्या गाडीत उभी राहून तिकिटं फाडलीस, आता त्या कंबरेला मलम पुरायचं न्हाय, ताकद पाहिजे.
रोहित सर म्हणून आहेत शिकवायला. ऋतूपेक्षा थोडेच मोठे, पण सर म्हणायचं. मला नुसता लोखंडी बार दिला. म्हटलं, वजन लावा की. म्हणाले, "मॅडम, हा नुसताच वीस किलोचा हाय." खांद्यावर घेतल्यावर पटलं.

५ एप्रिल
मांड्या. बसता येत नाही, उठता येत नाही. गाडीत मागून पुढे जाताना प्रत्येक सीटचा दांडा धरत गेले. गडहिंग्लजला उतरणारी एक म्हातारी म्हणाली, "वाईच बस बाई, आजारी हाईस का?" बसायचंच तर दुखतंय, काय सांगू तिला. पाटील ड्रायव्हर आरशातून बघून हसत होते.
तरी बरं वाटतंय. आतून.

१० एप्रिल
सरांनी आज सगळ्या नव्या बायकांना जमवून सांगितलं, व्यायामाबरोबर प्रोटीन पाहिजे, नाहीतर अंग भरून येत नाही, दुखणं लवकर जात नाही. कपाटात पावडरचे डबे रांगेनं. काळे, मोठे, वर दंडाची चित्रं. ऋतू डब्यांकडे बघत होती, मी ऋतूकडे.
घरी विषय काढला. आमचे हे, प्र., नुकतेच फाउंड्रीतून आले होते. "कशाला पावडर? अंडी हाईत, रविवारी मटण हाय, दूध हाय."
ऋतू : "पप्पा, तुम्ही खाताय मटण. माझ्या वाटणीला रस्सा येतोय."
खरंच आहे ते. ताटं वाढताना माझाच हात तसा चालतो.

१४ एप्रिल
जयंती. रजा मिळाली, नवल. सकाळी विहारात वंदना, मग दिवसभर स्वयंपाक. खिरीचं मोठं पातेलं दरवर्षी पुरुष येऊन उतरवतात. आज कुणी जवळ नव्हतं. ऋतू म्हणाली, "आई, पाठ सरळ, गुडघ्यातून." दोघींनी उतरवून ठेवलं. बायका बघत राहिल्या. शेजारच्या मंदाताईंनी विचारलं, काय खाताय गं दोघी? म्हटलं, अजून तरी भाकरीच.
निळी साडी खिरीनं भरली. धुवायला टाकली.

१९ एप्रिल
माझा भाऊ सुनील आला होता इचलकरंजीहून. भाचीला भेट म्हणून पावडरचा डबा. ऋतूनं त्याला फोनवर सांगितलं असणार. मामा-भाचीचं गुळपीठ जुनं. नव्या माणसाला हे लागतं की नाही, मला तरी कुठं माहीत आहे? रोज वापरणारे म्हणतात लागतं. प्र. म्हणतात फॅड. दोघांनाही विचारलं की कशावरून, तर दोघांचंही उत्तर, "असंच असतंय."
चॉकलेटचा वास आहे. एक घोट घेऊन बघितला. बरा लागला.

२८ एप्रिल
बारला दोन्ही बाजूंनी वजनाच्या छोट्या चकत्या लागल्या! माझ्या. ऋतूच्या जरा मोठ्या.
सरांना म्हटलं, मी पावडर घेत नाही, तरी कसं वाढतंय? ते प्रामाणिक निघाले. "मॅडम, नव्या माणसाचं पहिले काही महिने वाढतच जातंय. अंगाला सवय नसतीय ना. नीट खाल्लं, झोपलं तरी बास." मग म्हटलं, डबे कशाला ठेवलेत? डोकं खाजवलं. "लोक मागत्यात."
कंबर : आज उत्तूरच्या घाटातही दुखली नाही.

६ मे
चंदगडच्या मुक्कामावरून परत. ऋतूसाठी झाकून ठेवलेलं कालचं कालवण तसंच. भाकरी वाळून कडक. प्र. रात्रपाळीला, म्हणजे घरात बघायला कोणी नव्हतं. विचारलं तर, "पावडरचा शेक घेतला की. त्यात सगळं असतंय." सगळं म्हणजे काय? "प्रोटीन." आणि बाकीचं? खांदे उडवले.
हल्ली सकाळीही तेच. नाष्ट्याला बस म्हटलं की वाटी बाजूला सारते आणि ती बाटली खळखळ हलवत बसते. चेहरा उतरलाय, की मलाच तसं वाटतंय?

९ मे
ऋतू झोपल्यावर लिहितेय.
ऋतू बार खांद्यावर घेऊन खाली बसली. दोनदा उठली. पुढच्या वेळी बसली ती उठेना. मी बाजूलाच होते. तोंडाकडे बघितलं तर पांढरंफटक, डोळे भलतीकडेच. मी हाक मारेपर्यंत ती पुढे कलली. बार स्टँडच्या आडव्या दांड्यांवर आदळला म्हणून मानेवर आला नाही. मी मागून काखेत हात घालून तिला ओढलं आणि दोघी खाली बसलो. सर पळत आले. पाणी, पंखा, पाय वर. दोन मिनिटांनी म्हणते, "मी पडलो का?"
सरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लंस? शेक. सकाळी? शेक. आणि काल संध्याकाळी? तिनं बाटलीकडे बोट दाखवलं.
सर तिथंच खाली बसले. "मला वाटलं घरात जेवून वर घेतीय ही."
मलाही कुठं ठाऊक होतं.

१० मे
डॉक्टरीणबाईंकडे. रक्त तपासलं दोघींचं, म्हणाल्या आलीयस तर तुझंही बघू. ऋतूच्या अंगात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या.
मी म्हटलं, ती पावडर फेकून देऊ का? म्हणाल्या, "फेकू नको. दुधातलंच प्रोटीन हाय ते, विष न्हाय. पण हिनं ताट बंद करून पावडर चालू केली. नव्या माणसाला आधी ताट भरायला पाहिजे. तेवढ्यानं भागलं न्हाय तर बघायचं."
माझं व्हिटॅमिन डी कमी निघालं. दिवसभर गाडीच्या टपाखाली, ऊन कुठलं! मलाही गोळ्या. म्हणजे पावडर न घेणारीलाही शेवटी सप्लिमेंट लागलंच. प्र. खूप हसले. ऋतूही हसली, काल-आजमधलं पहिलं हसू.

११ मे
संध्याकाळी गच्चीवर. विमानतळावर उतरणारं विमान बघत बसलो दोघी. ती आपणहून बोलली.
"मैत्रिणी म्हणत्यात, वजनं उचलून बाप्या दिसशील. जाड होशील. मला ताकद पाहिजे, पण जाड न्हाय व्हायचं. म्हटलं जेवण कमी करायचं आणि प्रोटीन घ्यायचं, म्हणजे दोन्ही जमतंय."
मी म्हटलं, माझ्याकडं बघ, सवा महिना झाला उचलतोय, मी बाप्या दिसतो का? तिनं नीट निरखून बघितलं. "बोलतीस बाप्यासारखी."
मग जरा वेळानं : "आई, तू मला धरायला आलीस तवा घाबरलीस का?"
म्हटलं, व्हय.
डोकं मांडीवर ठेवून पडली. लहानपणी पडायची तशी.

१७ मे
घरात बदल. ताटं वाढताना आधी ऋतूचं आणि माझं. मटणाचे तुकडे सगळ्यांना सारखे. प्र. नी ताटाकडे बघितलं, खाली मान घालून जेवले. नंतर स्वतः जाऊन अंडी घेऊन आले.
हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. ऋतू : "हे शेकपेक्षा बरं हाय." खोटं बोलत होती, पण वाटी संपवली.

२४ मे
माझ्या पिशवीत आता उकडलेली अंडी आणि भाजके शेंगदाणे. अंड्याचा डबा उघडला की पाटील ड्रायव्हर खिडकी उघडतात. "वंदनाताई, पॅसिंजर उतरून जातील." आज त्यांनीच एक मागून घेतलं.
जिमच्या कपाटातले डबे अजून आहेत. पण सर आता नव्या पोरीला बार द्यायच्या आधी विचारतात, काय खाऊन आलीस? एकीनं सांगितलं, बिस्किट. तिला घरी पाठवलं, जेवून ये म्हणून. पोरगी रुसून गेली. दुसऱ्या दिवशी आली मात्र.

८ जून
ऋतू परत बारखाली. डॉक्टरीणबाईंनी हलकं चालेल म्हणून सांगितलं. नुसत्या बारपासून सुरुवात. मला वाटलं चिडेल, कारण आता माझ्या चकत्या तिच्यापेक्षा मोठ्या. चिडली नाही. माझ्या बाजूला उभी राहून "उठ आई, उठ, उठ" करत होती. उठले.
घरी येऊन दोघींनी पिठलं-भाकरी, वर दही. प्र. म्हणाले, जिम लावल्यापासून घरातलं पीठ टिकंना झालंय. तक्रारीचा सूर नव्हता.

२ जुलै
ऋतूची लोहाची गोळी चालूच. चेहऱ्यावर तेज. मंदाताई म्हणाल्या, पोरगी गोरी झाली. गोरी कसली, जेवतीय.

१९ जुलै
पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं. आनंद आहे. तिथं वेटलिफ्टिंगची टीम आहे, ते बघूनच तिनं ते कॉलेज यादीत वर टाकलं होतं. मला आत्ता कळतंय.

३ ऑगस्ट
होस्टेलवर सोडून आलो. खोली बरी, पोरी बऱ्या. मेस बघितली. आमटीत डाळ शोधावी लागते. अंडं फक्त रविवारी. खोलीत शेगडी, हीटर काही चालत नाही, मेसच्या वेळा ठरलेल्या, आणि टीमचा सराव नेमका त्याच वेळेला.
निघताना ऋतू हळूच म्हणाली, "आई, इथं मग पावडर घेऊ का? जेवण सोडणार न्हाय. जेवून वर."
प्र. लगेच, "घे की." एप्रिलात फॅड म्हणणारा माणूस!
मी म्हटलं, मेसला थोडे दिवस बसून बघ, मग ठरवू. परतीच्या गाडीत तेच डोक्यात. मी नाही म्हणतेय ते डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यावरून, की ९ मे च्या भीतीवरून? ताट भरत नसेल तर बघायचं, असं त्याच म्हणाल्या होत्या.

६ ऑगस्ट
जिमला एकटी. सरांनी विचारलं, ऋतू काय म्हणतीय? म्हटलं, जेवतीय म्हणते. बाजूला कोणी "उठ आई" म्हणायला नव्हतं. तरी उठले.

१४ ऑगस्ट
चंदगड. धो धो पाऊस, रस्त्यावर झाड पडल्यानं गाडी उशिरा. स्टँडवर पोचतो तोवर ऋतूचा फोन.
"आई, आज सराव चांगला झाला. टीमच्या मॅडम म्हणाल्या, पाठ सरळ ठेवायची सवय चांगली हाय तुझी. मेसला पण गेलतो. आमटी तशीच. शेंगदाणे खाल्ले वरनं. त्या पावडरचं काय ठरवलंस?"
म्हटलं, अजून न्हाय ठरवलं. उद्या परत आलो की डॉक्टरीणबाईंना विचारतो. तुझं रक्त पण परत तपासू, रक्षाबंधनाला आली न्हाईस, आता गणपतीच्या सुट्टीला ये.
"येतो. पण सांग लवकर."
मग जरा थांबून म्हणाली, "तू जेवलीस का?"
घड्याळ बघितलं. सकाळपासून चहावरच होते. झाडाच्या गडबडीत पिशवी उघडलीच नव्हती.
म्हटलं, जेवतो आता.
"खरं सांग."
पाटील ड्रायव्हर कॅन्टीनच्या दारातून हात करत होते, भात संपत आलाय म्हणून.