कुरणातून जाणारा दुसरा रस्ता

प्रिय लेलंड,

आज सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की आपलं कुरण कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी कॉफीचा मग घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. तुझ्याकडे अस्टोरियात समुद्रावरून असंच धुकं येत असेल. इथल्या धुक्याला कापलेल्या गवताचा वास असतो, आणि हल्ली त्यात मधूनच गुलाबी ठिपके तरंगताना दिसतात. ती फुलं नाहीत. मोजणीवाल्यांनी काड्या रोवून त्यांना फडकी बांधली आहेत.

वरचं पठार विकलं गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू विषय बदललास, म्हणून पुढचं राहून गेलं. डनिंग नावाच्या बिल्डरनं ते घेतलंय. त्याला तिथे शंभरावर घरांची वसाहत करायची आहे. तिचं नाव ‘एल्क मेडो’, हरणांचं कुरण. पलीकडच्या रँचवरचा हॉलिस म्हणाला, “बरं झालं. हरणं यायची बंद होतील, पण पाटीवर तरी राहतील.”

काउंटीच्या नियोजन खात्यातली ओडेट प्रुइट जागा बघायला आली तेव्हा मलाही वर घेऊन गेली. नकाशा वाऱ्यात फडफडत होता आणि ती मला एका नसलेल्या गावातून फिरवत होती. इथे बाग, कारण मोठ्या वसाहतीला मोकळी जागा सोडावीच लागते. तिथे तळं, आगीच्या बंबांसाठी. उन्हाळ्यातही पाणी पुरेल हे विहिरी खणून दाखवल्याशिवाय एकही प्लॉट विकता यायचा नाही. मी ऐकत होते, आणि लेलंड, मला खरंच खिडक्यांत दिवे दिसायला लागले. गुडघ्याएवढ्या गवतात कुणीतरी भांडी विसळत होतं, कुणी पोराला जेवायला हाक मारत होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. कुणाच्या अंगणातून चालतोय असं वाटून मी उगाच बाजूबाजूनं पावलं टाकत राहिले.

मग ओडेट थांबली. एवढ्या घरांना बाहेर पडायला दोन रस्ते लागतात, म्हणाली. एक आहे. दुसऱ्याला तिन्ही बाजूंनी कडे आडवे येतात. तो निघाला तर फक्त खाली, आपल्या कुरणातून. हा नियम इथे कधी आणि कशामुळे आला, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नकाशाची घडी केली.

परतताना मला तुमच्या लग्नानंतरचा तो उन्हाळा आठवला. तू आणि कॉरिननं कुरणात सुतळी बांधून घराच्या खोल्या आखल्या होत्या. ती गवतात आडवी होऊन म्हणायची, “व्हर्ना, दार वाजवल्याशिवाय आत यायचं नाही,” आणि मी हवेतच टकटक करायची. ते घर उभं राहीपर्यंत म्हणून तुम्ही पाइन रिजवर भाड्यानं राहिलात. तिथल्या जंगलाला आग लागली तेव्हा तू गावात कामावर होतास. तिनं वेळेवर गाडी काढली होती. रस्ता एकच होता आणि त्यावर झाड पडलं होतं; ती खाली पोहोचलीच नाही. त्यानंतर दोन रस्त्यांचा नियम आला, आणि तू म्हणालास, आपल्या जमिनीतून वर कुणालाही वाट द्यायची नाही, वर घरंच व्हायला नकोत. मी मान डोलावली. तू अस्टोरियाला गेल्यावरही ते पाळलं. डनिंगचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा त्याला दारातूनच परत पाठवलं.

मला वाटलं होतं, आपण नाही म्हटलं की प्रकरण संपलं. तसं नसतं. मंगळवारी काउंटीच्या नियोजन मंडळापुढे जाहीर सुनावणी होती. डनिंगच्या वकिलानं सांगितलं, शेजारी जमीन देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या रस्त्याची अट आम्हाला माफ करावी. मंडळातले दोघेतिघे होकारार्थी माना डोलावू लागले. घरं हवीतच, शाळेतल्या शिक्षकांनाही इथे जागा मिळत नाही. मला बोलायचं नव्हतं, पण मी उभी राहिले. विचारलं, “त्या एका रस्त्यावर झाड पडलं, तर वरच्या माणसांनी काय करायचं?”

मग तो वकील, अगदी सौम्य आवाजात, म्हणाला, “बाई, ते तर तुमच्याच हातात आहे. तुम्ही रस्ता दिलात तर आम्हाला सूट मागावीच लागणार नाही.”

मला पुन्हा ते दिवे दिसले. मी म्हणाले, “देते. पण सूट कुणालाच देऊ नका.” मंडळानं निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. बाहेर आल्यावर ओडेटनं माझा हात धरला आणि ती गाडीपर्यंत सोबत आली.

लेलंड, मी जे देऊन आले, त्यातलं निम्मं तुझं आहे. तुझ्या सहीशिवाय माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, आणि तुला न विचारता तो दिला, म्हणून हे पत्र. रस्ता त्या सुतळीच्या घरावरूनच जाईल. मी दुसरीकडून वळवता येतो का विचारलं, चढ फार आहे म्हणाले. तू नाही म्हणालास तर मी मंडळापुढे जाऊन तसं सांगेन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण एकदा डोळे मिटून बघ. उन्हाळ्याची दुपार असेल, वर धूर दाटला असेल, समोरचा रस्ता बंद असेल. कुणी एक बाई गाडी वळवेल आणि आपल्या कुरणातून खाली गावात पोहोचेल. संध्याकाळी ती नवऱ्याला फोन करेल. तिचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. मला एवढंच हवंय, बाळा. तुला जमेल का?

तुझीच ताई,
व्हर्ना