न्यायाधीश महाग पडतात

आई, तू गेलीस तेव्हा माझं जर्मनीला यायचं नक्कीही झालं नव्हतं, त्यामुळे मी इथे काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. कार्ल्सरूहेत एका सल्लागार कंपनीत मी सरकारी खात्यांसाठी खर्चाचे अंदाज काढते. एखादा नियम बदलला तर तिजोरीतून किती जास्त जाईल, ते आधी सांगायचं. मध्यंतरी एका राज्याच्या न्याय खात्याचं काम आमच्याकडे आलं. इथल्या कोर्टात न्यायाधीशांच्या खालोखाल रेश्ट्सफ्लेगर नावाचे अधिकारी असतात. ते न्यायाधीश नसतात, पण बरेच निर्णय स्वतःच्या सहीने देतात. समजा, एखाद्या म्हाताऱ्या बाईला स्वतःचं बघता येत नाही म्हणून कोर्टाने तिच्यासाठी पालक नेमलाय, आणि त्याला तिचं घर विकायचंय. विकू द्यायचं की नाही, हे तो अधिकारी ठरवतो. काही नातेवाइकांनी मागणी केली की माणसाचं घर जातंय, तर तिथे निदान न्यायाधीश बसवा. खात्याने आम्हाला विचारलं, बसवला तर किती पडेल?

ते वाचलं आणि मी थेट आपल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन पोचले. तू वकिलीचा काळा कोट पिशवीत घडी करून ठेवलेला, पायात रबरी चपला, आणि आपण दोघी एसटीतून कुणाच्या तरी बांधाकडे निघालोय. बांधाचा, वाटेचा, विहिरीचा दावा असला की कोर्ट तुला कमिशनर नेमायचं. जागेवर जा, डोळ्यांनी बघ, अहवाल दे. मला सुट्टी असली की तू सोबत न्यायचीस. मी एकदा विचारलं होतं, "न्यायाधीश स्वतःच का नाही जात बघायला?" तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "ते महाग पडतात. मी स्वस्तात पडते." आणि हसलीस. मला तेव्हा ते हसू गमतीचं वाटलं होतं.

पाणी तू घरून न्यायचीस. कमिशनरने कुठल्याच पक्षाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तुझा नियम. काही घरं आपल्याला तसंही पाणी देणार नव्हती, तिथे नियमाची गरजच नाही, असंही तू म्हणायचीस. एकदा उन्हात मी एका बाईने दिलेलं सरबत प्याले. स्टँडवर आल्यावर माझा हात घट्ट धरलास. "तहान लागली होती, कळतं मला. पण आता ती बाई गावभर सांगणार, कमिशनरबाईंची पोरगी आमच्याकडे पिऊन गेली. मग मी काही का लिहीना." आणि मग, तुझ्या त्या हळू आवाजात, "कुणी काही पुढे केलं की आधी बघावं, त्याला काय हवंय." तेव्हापासून मी बघतेच आहे. इथे शेजारीण ख्रिसमसची बिस्किटं घेऊन आली तरी मी बघते. माझी मुलगी म्हणते, "मम्मा, दू बिस्ट पारानोइड." संशयाने वेडी झालीयेस, असं. तिला मराठी सगळं कळतं, पण आईला वेडं ठरवायला जर्मनच बरी पडते.

तर माझे साहेब. फार गोड माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी तयार केलेल्या तक्त्यात एक गृहीत होतं, की रेश्ट्सफ्लेगरला एका प्रकरणाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात न्यायाधीश ते उरकेल. तेवढ्या एका गृहीतावर सगळा खर्च आटोक्यात राहत होता. मी विचारलं, "हे कुठून आलं?"

"अनुभव," ते म्हणाले. "न्यायाधीशांना निर्णय घ्यायची सवय असते. आल्झो, थोडक्यात, एवढं खोलात जायची गरज नाही."

खोलात जायची गरज नाही असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. मला वाटलं, खात्याला हा बदल करायचाच आहे आणि साहेबांना त्यांच्या मनासारखा लहान आकडा द्यायचाय. दुसऱ्या बाजूला, आम्हाला माहिती पुरवायला कोर्टाने दिलेल्या बाई स्वतःच रेश्ट्सफ्लेगर होत्या. पन्नाशीच्या, आखूड केस, चष्मा कपाळावर. त्या प्रत्येक कामाला भरपूर वेळ लागतो असं सांगत होत्या. त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हता. स्वतःची खुर्ची जात असताना कोण सांगेल की आमचं काम सोपं आहे? मग मी तेच केलं, जे तू केलं असतंस. म्हटलं, जागेवर येऊन बघते.

त्यांचं कोर्ट एका लहान गावात होतं. बाईंनी दारातच विचारलं, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "नको, पाणी आहे माझ्याकडे." त्यांनी माझ्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एका कॉफीत मी तुम्हाला विकत घेईन असं वाटतं का तुम्हाला?" मी हसून वेळ मारून नेली, पण बाईंचा चेहरा पडला तो पडलाच.

सुनावणीला एक म्हातारी बाई आल्या, सोबत त्यांचा नेमलेला पालक. त्या बसायच्या आधीच रेश्ट्सफ्लेगर बाईंना म्हणाल्या, "तुम्ही न्यायाधीश आहात का?"

"नाही."

"मग मी तुमच्याशी का बोलू? माझं घर आहे ते."

रेश्ट्सफ्लेगर बाई उठल्या. आजींचा कोट काढून खुंटीला लावला, टेबलाच्या पलीकडे न बसता खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या, आणि घराबद्दल विचारायला लागल्या. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, वर कोण झोपायचं. आजी हळूहळू बोलत्या झाल्या. मधेच त्या पालकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला घाई आहे." पालक काही बोलायला गेला, तर बाईंनी हातानेच थांबवलं. शेवटी त्यांनी परवानगी दिली नाही. आधी घराची किंमत दुसऱ्याकडून काढून आणा, म्हणाल्या. पण जाताना आजी दारात माझ्याकडे वळून काय म्हणाल्या माहितीये? "तरी न्यायाधीशाने ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

पलीकडच्या खोलीत एक तरुण न्यायाधीश होते. मी त्यांना विचारलं, हे काम तुमच्याकडे आलं तर निम्म्या वेळात होईल का? ते मोठ्याने हसले. "निम्म्या? मला आधी शेजारच्या खोलीत जाऊन बाईंना विचारावं लागेल, हे कसं करतात."

मी परत आले आणि साहेबांशी भांडले. निम्मा वेळ खोडून उलट जास्त वेळ धरला, न्यायाधीशाचा पगार, त्याचं पेन्शन, नव्या भरतीचा खर्च, सगळं मांडलं. आकडा कितीतरी वर गेला. साहेब म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमचाच पाठवू." एवढं सहज? मी घरी आले ती जिंकल्यासारखी, पण जेवताना पुन्हा पुन्हा तेच काढत राहिले, इतकं सहज कसं मानलं. नवरा म्हणाला, "अगं, मानलं ना त्यांनी तुझं? मग आता काय?"

मग कळलं. खात्याने बदल रद्द केला. इच्छा होती पण खर्च परवडणारा नाही, असं आमच्या अहवालाचा हवाला देऊन जाहीर केलं. साहेबांनी ऑफिसात केक आणला आणि सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. थोड्याच दिवसांत त्याच खात्याकडून आमच्या कंपनीला नवं, मोठं काम मिळालं, रेश्ट्सफ्लेगरांची कार्यालयं नव्याने उभी करायचं. त्यांचे अधिकार न्यायाधीशांकडे गेले असते तर हे काम आलं असतं का? मी आता रोज विचार करते, आई. खात्याला पहिल्यापासूनच मोठा आकडा हवा होता का? लहान आकडा माझ्यापुढे मुद्दाम ठेवला होता का, मी चिडून तो खोडेन म्हणून? कारण माझा स्वभाव साहेबांना ठाऊक आहे. माझा आकडा खरा होता, मी तो जागेवर जाऊन काढला होता. तरी त्या आजींना न्यायाधीश मिळाला नाही, आणि कारण म्हणून माझं काम पुढे केलं गेलं. मी सगळ्यांना काय हवंय ते बघत बसले आणि माझा आकडा कुणाला हवाय, तेवढं बघायचं राहिलं.

तुझ्याकडूनही असं कुणी करून घेतलं का गं? हे विचारायलाच मी लिहायला बसले बहुतेक. मी आठवीत असताना गिरणीवाल्याच्या जागेचा दावा होता, तू कमिशनर होतीस. तुझ्या अहवालानंतर निकाल त्याच्या बाजूने गेला. कमिशनरबाईंनी काहीतरी घेतलं, असं कोर्टाच्या आवारात लोक कुजबुजले, आणि ती कुजबुज शाळेपर्यंत आली. त्याच उन्हाळ्यात आपल्या दारात माझ्यासाठी निळी सायकल उभी राहिली. मी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "कुठून आणलीस?" तू भाकरी थापत होतीस. हात थांबला नाही. "दुकानातून," म्हणालीस. सरबताच्या एका पेल्यावरून मला स्टँडवर उभं करून सुनावणारी तू, त्या दिवशी एवढंच बोललीस. वर्षभर साठवून घेतली असशील. तुझ्या दोन साड्या त्या वर्षी फाटेपर्यंत चालल्या, हेही मला आठवतं. आणि तरी.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. जयभीम वगैरे झालं, तब्येतीचं झालं, आणि तो एकदम हसून म्हणाला, "ताईची एक गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही बघ. ती तुझी निळी सायकल..." मी म्हटलं, "मामा, इथे बर्फ पडतोय, रेंज जातेय, नंतर बोलू."

बाहेर स्वच्छ ऊन होतं.