पाण्याच्या गाडीवर मॅलाकी

३ ऑगस्ट १९०१, सेंट लुई
धूळ, धूळ, धूळ! सहा वेळा नदीवर गाडीची टाकी भरली, रस्त्यांवर पाणी शिंपडलं. आयर्लंड सोडून दोन वर्षं झाली ती यासाठी! डेन्व्हरला जायचं म्हणून तीनदा गाठोडं बांधलं. पण थोरल्या भावाला सोडून कुठं जाऊ? मॅलाकीनं फादरसमोर शपथ घेतलीय — सप्टेंबर संपेपर्यंत दारूचा थेंब नाही. पाळली, तरच नोरावहिनी पोराला घेऊन बहिणीकडून परत येणार. कारखाना ते घर, वाटेत अकरा गुत्ते. म्हणून संध्याकाळी त्याला माझ्या गाडीवर बसवून आणतो.

८ ऑगस्ट
इथं कुणी दारू सोडली की ‘पाण्याच्या गाडीवर चढला’ म्हणतात. म्हणे कुणा शपथवाल्यानं सांगितलं होतं — घसा वाळला तर रस्त्यावरच्या गाडीचं पाणी पिईन, पण गुत्त्यात जाणार नाही. त्यानं टाकीत डोकावलं नसणार कधी!

१९ ऑगस्ट
क्विनलनच्या गुत्त्यासमोर पाणी मारत होतो. तो दारातून ओरडला, ‘काय संतमहाराज, गाडीवर चढलात, पण पाणी प्यालात का?’ सगळे खिदळले. मॅलाकी उतरला. म्हटलं, ‘अरे, नदीचं गढूळ आहे, घोडा तोंड लावत नाही!’ ऐकतोय कुठला! त्यांचाच बिअरचा मग टाकीच्या तोटीखाली धरला, दोनदा रिकामा केला. टाळ्या पडल्या. मलाही अभिमान वाटला — गाढव मी!

४ सप्टेंबर
मॅलाकीला विषमज्वर. म्हणतो, ‘नोराला कळवू नकोस. धावत येईल, पोराला लागण होईल.’

१२ सप्टेंबर
नाडी बुडतेय. डॉक्टर म्हणाले, तासातासाला चमचाभर व्हिस्की. मॅलाकीनं दात आवळले. ‘नोरा येणाराय,’ एवढंच.

१३ सप्टेंबर
शुद्ध गेली तेव्हा मीच तोंड उघडून पाजली. अर्धी उशीवर. बाटली क्विनलननं पाठवली. फुकट! मेल्याला आत्ता पाझर फुटला.

२९ सप्टेंबर
ताप उतरला! गाढ झोपलाय.

३० सप्टेंबर
वहिनी आली. पोर कडेवर. उंबऱ्यातच थबकली — भरदुपारी आडवा पडलेला मॅलाकी, खोलीभर व्हिस्कीचा वास. म्हटलं, ‘वहिनी, डॉक्टरनं सांगितली म्हणून —’
‘तुमचे भाऊही दरवेळी हेच सांगायचे, भाऊजी.’ आणि उतरली जिना.
धावलो. ट्राम निघून गेली होती.
परत आलो तर हा जागा. ‘कोण होतं रे?’
म्हटलं, दूधवाला.