दोन बोटं खाली

३ फेब्रुवारी
ठरलं. गाडी खाली आणायची. चाकाच्या वर एवढी फट आहे की शेजाऱ्यांचं मांजर तिथे झोपतं. आखूड स्प्रिंगा बसवल्या की गाडी रस्त्याला चिकटून वळते. बायको म्हणाली, गाडी रोजची आहे, त्यात तुझं ऑफिस, माझं ऑफिस आणि बाबांची फिजिओथेरपी. म्हटलं, म्हणूनच.

खरं कारण बाबा. त्यांची अख्खी नोकरी बस चालवण्यात गेली. मी गाडी चालवतो तेव्हा शेजारी बसून उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत असतात. आता तर त्याच पायाचा गुडघा बदललाय, तरी दाबतात. एकदा त्यांच्या तोंडून 'छान चालवतोस' ऐकायचंय.

५ फेब्रुवारी
दोन पर्याय. निळ्या स्प्रिंगांनी गाडी एक बोट खाली येते, लालांनी दोन. निळ्यांखाली लिहिलंय, 'कुटुंबासाठी उत्तम'. तरीही निळ्याच घेणार. माणसानं समंजस असावं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
लाल मागवल्या. ऑर्डर देताना विचारलं होतं, गाडीत रोज किती जण बसतात? मी 'एक' लिहिलं. खोटं नाही. चालवणारा एकच असतो.

१४ फेब्रुवारी
बसवल्या! गॅरेजवाला म्हणाला, घरच्यांना बसवून एकदा बघा. मी रिकाम्या गाडीखाली मूठ घालून बघितली. आरामात गेली. मांजराची मात्र सोय गेली. बायकोनं विचारलं, चारही टायर एकदम पंक्चर कसे झाले? दुर्लक्ष केलं.

१५ फेब्रुवारी
वळणावर गाडी जराही झुकली नाही. चोरून बाबांच्या पायाकडे पाहिलं. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला आणि गाडीच्या पोटाखालून असा आवाज आला की बाबांनी दोन्ही पाय दाबले. नवा गुडघा काम करतोय, हे एक बरं झालं. दवाखान्यात उतरताना बायकोनं त्यांना बाहेरून ओढलं, मी आतून ढकललं.

१६ फेब्रुवारी
शोध लागला. मी एकटा असलो की गाडी ब्रेकरवरून अलगद निघते. म्हणजे गाडी निर्दोष आहे, दोष प्रवाशांचा. उपाय सोपा: ब्रेकर आला की दोघांनी उतरायचं, चालत ओलांडायचं, पुढे बसायचं. बाबा मान डोलावून तयार झाले. बायको मात्र बरंच बोलली.

२० फेब्रुवारी
बायको बसने जायला लागली. तिचा वैयक्तिक निर्णय. गाडी अर्धं बोट वर आली. बाबा आता दाराला धरून आपले आपण उतरतात आणि ब्रेकरपलीकडे उभे राहून हात हलवतात, येऊ दे, येऊ दे. मागे रांग लागते. आज एका स्कूटरवाल्यानं हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?

२६ फेब्रुवारी
फिजिओथेरपिस्ट बाई थक्क. गुडघा अपेक्षेपेक्षा फारच लवकर सुधारला म्हणाल्या. घरी कोणता व्यायाम करता? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नम्रपणे म्हणालो, लाल स्प्रिंगा. त्यांनी तसं लिहून घेतलं नाही.

३ मार्च
आज बाबा पहिल्या ब्रेकरला उतरले ते परत बसलेच नाहीत. म्हणाले, तू ये सावकाश, मी होतो पुढे. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता. पार्किंग शोधण्यात वेळ गेला, एवढंच.

६ मार्च
शेवटी धीर करून विचारलं. "बाबा, खरं सांगा. हल्ली कशी चालवतो मी?"

त्यांनी विचार केला. "हल्ली माझा पाय ब्रेकवर जात नाही."

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी!

"गाडीत असतोच कुठे मी," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?

६ मार्च, संध्याकाळ
निळ्या स्प्रिंगा मागवल्या. गाडीत रोज किती जण? 'तीन' लिहिलं. बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, आम्हा दोघांना आधी विचारलंस का?