आईचा फोन बाकी

सक्करदरा, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय पियुष,

सप्रेम जय भीम. पुण्यात थंडी पडली काय? इथे सुरू झाली, स्वेटर घालत जा. मोबाईलवर लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतो, म्हणून कागदावर लिहून राहिली.

आपलं मसाल्याचं ऑनलाइन दुकान जुनं झालं, म्हणून तू सांगितलेले दोन्ही ओपन सोर्स प्लॅटफॉर्म पाहिले. दोन्ही हेडलेस. उन्हाळ्यात तू समजावलं होतं, मागचा कारभार तयार मिळते, समोरचं दुकान आपण आपल्या मनाचं बांधायचं. आई म्हणाली, "बिनडोक्याचं दुकान? मंग डोकं माहं लावा." किती हसलो होतो गा!

तुले पहिला पाहिजे, तो लवकर चालू होते. पण त्यात पैसे भरले की ऑर्डर पक्की. दुसऱ्यात मधात आपली पायरी घालता येते. मले दुसराच पाहिजे.

पायरी कोणती, तुले ठाऊक आहे. जुन्या दुकानात तूच नाव दिलं, 'आईचा फोन बाकी'. आई गिऱ्हाइकाले विचारे, "घरात लहान लेकरू आहे का वं? कोणाच्या छातीत जळजळते?" मंगच तिखट किती ते ठरे. खाणारा माहीत नाही तं मिरची घालू कशी, म्हणे. धंतोलीच्या दवाखान्यात नाकात नळी होती, तरी खूण करून फोन मागे.

आणि तू लिहिलं, "ती पायरी आता काढून टाक, कामाची नाही." काहून रे? आई गेल्यावरचं पुण्यानुमोदन होऊन आठवडा नाही झाला!

मसाला मी कुटून राहिली. पण सगळ्या ऑर्डरी त्याच पायरीवर अडकल्या आहेत. 'फोन झाला' म्हणून बटन दाबाले माहा हातच जात नाही. लय रडू येते.

काल हिंमत करून आईच्या जागी मीच बेसा भागातल्या आपल्या जुन्या गिऱ्हाइक कुसुमताईले फोन लावला. त्या म्हणाल्या, "कौसल्याबाई काहून नाही बोलून राहिल्या?"

माह्या तोंडून निघून गेलं, "आई झोपली आहे."

"झोपू दे वं. उठल्यावर तिलेच कराले सांग. मले घाई नाही."

तुले पाहिजे तो प्लॅटफॉर्म घे, मी भांडत नाही. पण पायरी काढाले तू इथे ये. आईच्या खुर्चीत बस, कुसुमताईले फोन लाव, खरं काय ते सांग. मंग काढ.

तोवर फोन बाकीच राहील.

तुझी,
प्रीतीताई