आधी चरा, मग भाव

जय भीम.

मृत्युपत्र लिहून ठेवणार: लिला तोताराम सुरवाडे, वय ७२, रेल्वेतून निवृत्त, शिवाय जुन्या रेकॉर्डची खरेदी-विक्री, राहणार रेल्वे लाइनीच्या कडेला, भुसावळ, जिल्हा जळगाव.

आज सोमवार, दिनांक ३ नोव्हेंबर २०२५. माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. डोक्याचा डॉक्टरी दाखला सोबत टाचला आहे. कानाचा दाखला मी मागितला नाही, माझ्या कानांची मला पुरेपूर खात्री आहे. प्रशील वकिलांनी टाइप केलेला मसुदा आणून दिला होता. त्यात 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'तत्संबंधी' एवढे होते की मी कुठे सापडेना. म्हणून हे सगळं हाताने लिहीत आहे. खाडाखोड झाल्यास तिच्याशेजारी माझी लहान सही असेल.

कलम १. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, याचा या दस्ताशी संबंध नाही. आईवडील वारले. माझे वडील तोताराम रेल्वेत गँगमन होते. मला एकच धाकटा भाऊ, भटू, भडगावला नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर होता, आता तोही निवृत्त आहे. सासुरवाडीच्या गावात चाळीस वर्षं काढल्याने बोलतोही तिकडच्यासारखाच. त्याच्याशी मी बावीस वर्षं बोललेली नाही. कारण एक चरा. तो कलम ५ मध्ये येईल. वकिलांनी विचारलं, "अक्का, एका चऱ्यासाठी बावीस वर्षं?" मी म्हटलं, तुम्ही लिहिण्यापुरतं विचारा.

कलम २. राहतं घर, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी, भटूची मुलगी सारिका हिला द्यावं. सारिका जळगावला एका लॅबमध्ये रक्त तपासते. बाप बोलत नसला तरी ही पोरगी दर रविवारी फोन करते. तिच्या लग्नाला मी गेले नव्हते, तरी करते. पोस्टातली ठेव विहाराच्या अभ्यासिकेला जावी, तिथले पंखे फार कुरकुरतात. माझ्यामागे पुण्यानुमोदनाला साधं जेवण ठेवावं, भाषणं तीनच व्हावीत आणि माईक आधी तपासून घ्यावा.

कलम ३. रेकॉर्ड. एकूण ६१४ आहेत, कलम ४ आणि ५ मधल्या दोन सोडून सगळ्या सारिकाला द्याव्यात. पण अटी आहेत.

हा धंदा मी कसा केला ते आधी सांगते, नाहीतर अटी खुळचट वाटतील. भुसावळ जंक्शनवर मी तीस वर्षं अनाउन्सर होते. पुढे यंत्रातली बाई बोलायला लागली आणि मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे कॉलनीतली बदली झालेली माणसं यायची, सामान कमी करायचं म्हणून जुनी रेकॉर्ड भंगारात घालायची. भंगारवाल्याकडे तराजूवर गाणी चढलेली मला बघवेनात. मी घ्यायला लागले. बाई होऊन भंगारात हात घालते म्हणून लोक हसले. हसू देत. त्यातले दोघं नंतर माझ्याकडूनच रेकॉर्ड घेऊन गेले.

निर्दोष रेकॉर्ड आपल्या भागात मिळत नाही. मे महिन्यात जळगावचं ऊन पत्र्याखालच्या रेकॉर्डचा पापड करतं. कुणी त्यावर चहाचा कप ठेवलेला असतो, कुणाच्या पोराने त्यावर नाव कोरलेलं असतं. पण थोडी वाकडी, थोडी खरखरणारी रेकॉर्डही गाते. फक्त घेणाऱ्याला ते आधी माहीत पाहिजे. म्हणून माझा नियम: आधी चरा, मग भाव. प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण ऐकायची, उजेडात तिरपी धरून बघायची, आणि कव्हरात दोषचिठ्ठी घालायची. उदाहरणार्थ, "दुसरी बाजू, तिसरं गाणं, दोनदा अडकते, बोटाने हलकं पुढे ढकलावी." गिऱ्हाइकाने चिठ्ठी वाचल्याशिवाय मी किंमत बोलत नाही. नाशिक, धुळे, इंदूरहून लोक येतात ते गाण्यांसाठी नाही, माझ्या चिठ्ठीसाठी येतात, हे मी अभिमानाने लिहिते.

तेव्हा अट अशी, की सारिकाने विकताना एकही चिठ्ठी काढू नये. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. आणि आठवड्यातून एक तरी ऐकावी, नुसतं कपाट पुसू नये.

कलम ४. धुळ्याचा हितेंद्र, हाही रेकॉर्डवालाच. त्याने मला अकरा वर्षांपूर्वी एक रेकॉर्ड "अगदी नवी आहे, ताई" म्हणून विकली. काय ती चमक! घरी आणून लावली तर पिन घसरायला लागली. वास घेतला. खोबरेल तेल. चरे दिसू नयेत म्हणून पठ्ठ्याने तेलाने चोपडून काढली होती, आणि मी धूळ बसलेल्या दिव्याच्या उजेडात घाईने घेतली. ती रेकॉर्ड न पुसता हितेंद्रला परत द्यावी. सोबत कंगवा द्यावा.

कलम ५. आता वडिलांची रेकॉर्ड. छोटी, भीमगीतांची, दोन बाजूंना एकेक गाणं. वडिलांनी ती १९६६ साली घेतली. घरात वाजवायचं यंत्र आलं १९७० साली. मधली चार वर्षं ती आमच्याकडे नुसती होती. रविवारी वडील हात धुऊन ती काढायचे, भटूला आणि मला दाखवायचे आणि परत ठेवायचे. चौदा एप्रिलला वस्तीत लाउडस्पीकर यायचा, तेव्हा ती त्यांच्या छातीशी धरलेली जायची आणि तशीच परत यायची. वर्षातून एकदा ऐकलेलं ते गाणं आम्हा दोघांना एका श्वासाचाही फरक न होता पाठ होतं.

२००३ साली आईच्या पहिल्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भटूने भडगावला ठेवला. म्हणाला, अक्का, वडिलांची रेकॉर्ड दे, तिथे लावू. मी दिली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा उजेडात धरली आणि पहिल्या बाजूवर लांब चरा. गाण्याच्या ऐन मध्यावर अडकायला लागली. मी फोनवर त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो एकच वाक्य म्हणत राहिला, "मी वाजाडीच नही, अक्का. मना घर मशीन कोठे शे? ज्याले सांगेल व्हतं तो मशीनवाला उनाच नही." मी म्हटलं, मशीनवाला आलाच नाही म्हणे, खोटारडा. आणि फोन ठेवला.

दोषचिठ्ठी घालायचा माझा नियम त्या दिवसापासूनचा आहे.

सबब, वडिलांची ही रेकॉर्ड विहाराच्या कपाटात कुलपात ठेवावी. भटू तोताराम सुरवाडे याच्या हातात ती कोणत्याही कारणाने देऊ नये.

कलम ५ मधील शेवटची दोन वाक्यं खोडली आहेत. लि. तो. सु.

कलम ६. आज बुधवार, ५ नोव्हेंबर. वर खाडाखोड का केली ते सांगणं भाग आहे.

सोमवारी लिहायला घेतलं ते काल कलम ५ पर्यंत झालं आणि लक्षात आलं, की सहाशे रेकॉर्डना चिठ्ठी आहे, पण वडिलांच्या रेकॉर्डला नाही. रागाने मी ती बावीस वर्षं कव्हरातून काढलीच नव्हती. म्हटलं, विहारात द्यायची तर चिठ्ठीसह द्यावी. भिंग घेतलं, खिडकीशी बसले. आणि चरा बघून मला काहीतरी खटकलं.

हाताळताना पडलेला चरा सरळ असतो, नाहीतर वेडावाकडा. हा एका बाजूला बाक घेत बाहेरून आत गेलेला होता. असा चरा मी आधी कुठे बघितलाय? कपाट उपसलं. माझ्या दोन रेकॉर्डवर तस्साच बाक सापडला, दोन्ही बाहेरून आत. त्या दोन्ही रेकॉर्ड माझ्या घराबाहेर कधीच गेलेल्या नाहीत. ट्रेसिंगचा कागद ठेवून पेन्सिलीने तिन्ही चरे उतरवले. एकावर एक धरले तर केसभरसुद्धा इकडेतिकडे होईनात.

मला झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण लागली. सकाळी उठले ती तोच विचार घेऊन. त्या तिन्ही रेकॉर्ड कुठे वाजल्या होत्या? तेव्हा माझं मशीन लाइनीकडच्या भिंतीच्या फळीवर होतं. २००४ साली रंगकाम झालं तेव्हा ते आतल्या खोलीत नेलं, आणि त्यानंतर असा चरा एकाही रेकॉर्डवर नाही. चिठ्ठ्यांवर तारखा आहेत, मीच घातलेल्या.

मग मी मशीन उचलून परत त्या फळीवर ठेवलं. हितेंद्रची तेलकट रेकॉर्ड पुसून लावली, वाया गेली तरी हरकत नाही म्हणून. आणि समोर खुर्ची टाकून बसले. दोन प्रवासी गाड्या गेल्या, काही झालं नाही. पावणेचारला दीपनगरच्या वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी आली, पुढे दोन इंजिनं. फळी थरथरली. माझ्या डोळ्यांदेखत पिनेचा दांडा उचलल्यासारखा झाला आणि आतपर्यंत खरकन घसरत गेला. रेकॉर्ड काढून बघितली. तोच बाक.

आणि मग आठवलं. भटू न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, एकदा ऐकून घेऊ म्हणून मीच ती लावली होती आणि स्वयंपाकघरात बोंबील परतायला गेले होते. मालगाडी गेली असणारच. पण आम्हा लाइनीकडच्या माणसांना गाडी ऐकू येत नाही. पाहुणे दचकतात, आम्ही बोलत राहतो. बाजू संपली तशी मी रेकॉर्ड काढली, कव्हरात घातली, बघितली नाही. देताना बघितली नाही, परत घेताना बघितली. आणि स्वतःच्या कानांची एवढी घमेंड!

अगं बाई, काय करून बसले मी.

तीस वर्षं गाडी उशिरा आली की मी माईकवर म्हणत होते, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्यात माझी एकही चूक नव्हती, तरी दिवसातून चाळीस वेळा म्हटलं. आणि जिथे माझी चूक होती तिथे बावीस वर्षं एकदाही नाही. भटूची बायको गेली, मी गेले नाही. सारिकाच्या लग्नात त्याने माझी खुर्ची रिकामी ठेवली होती, असं तिने एकदा सांगितलं होतं. मी विषय बदलला होता.

म्हणून हे कलम असं: वडिलांची रेकॉर्ड माझ्या मृत्यूनंतर भटूला द्यावी, आणि चरा त्याचा नव्हता, माझा होता, हे त्याला वकिलांनी वाचून दाखवावं.

कलम ६ मधलं शेवटचं वाक्य खोडलं आहे. लि. तो. सु.

प्रशील वकिलांना फोन करून हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अक्का, तुमच्या धंद्यात चरा विकण्याआधी सांगतात ना? हे तर गिऱ्हाईक घरी गेल्यावर सांगणं झालं." लहान तोंडी मोठा घास, पण बोलला ते बरोबर बोलला.

कलम ७. आज रविवार, ९ नोव्हेंबर, मुक्काम भडगाव. पाचोऱ्यापर्यंत गाडीने आले, पुढे एसटीने. मांडीवर रेकॉर्ड, पायाशी मशीन. कंडक्टरने विचारलं, आजी, डब्यात काय आहे? मी म्हटलं, माझा माज.

भटूच्या दाराशी पोचले. तो अंगणात नळाचा वॉशर बदलत होता. केस सगळे पांढरे झालेत. मी वाटेत भाषण जुळवलं होतं, आत पाऊल टाकायच्या आधी म्हणायचं असं ठरवलं होतं. म्हटलं, "भटू, चरा मी पाडला होता. तुझी चूक नव्हती. माझं चुकलं." एवढंच आलं. बाकीचं भाषण कुठे गेलं कोण जाणे.

तो पाना हातात घेऊन उठला. मग म्हणाला, "मी सांगेल व्हतं ना तुले?" मी म्हटलं, हो. "कितला वरीस झाया?" मी म्हटलं, बावीस. तो चिडला, खरंच चिडला, आणि मला ते बरं वाटलं. "बावीस वरीस, अक्का! सारिकानं लगन झायं, तिनी माय गयी, आनि तू एक चराले धरीसन बसनी!" मी उभीच होते. शेवटी त्याने पाना खाली ठेवला, माझ्या हातातलं मशीन घेतलं आणि म्हणाला, "बस आते. चहा ठेवस."

चहा झाल्यावर रेकॉर्ड लावली. मध्यावर ती अडकली, तीच ओळ पुन्हा, पुन्हा. मी बोट पुढे केलं. भटूने माझा हात धरला. म्हणाला, राहू दे. आणि अडकलेल्या ओळीच्या पुढचं गाणं तो स्वतः म्हणायला लागला, वडिलांसारखंच, किंचित खाली घसरणाऱ्या आवाजात. मग मीही म्हटलं. आम्ही दोघांनी ते संपवलं, रेकॉर्ड तिथेच फिरत राहिली.

रेकॉर्डच्या कव्हरात दोषचिठ्ठी घातली आहे: "पहिली बाजू, मध्यावर अडकते. चरा पाडणार: लिला." ती रेकॉर्ड आज, माझ्या हयातीत, भटूच्या ताब्यात दिली. सबब ती आता माझ्या मालमत्तेत नाही आणि या मृत्युपत्रातून तिच्याबद्दलची सर्व कलमं रद्द समजावीत.

बाकी कलमं कायम आहेत. कलम ४ मधली हितेंद्रची रेकॉर्ड आता मी पुसली आहे, तेव्हा ती तशीच, आणखी एका चऱ्यासह द्यावी, आणि चिठ्ठीत तो चराही लिहावा. अंमलबजावणी प्रशील वकिलांनी करावी.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसलेलं बरं, असं वकिलांनी बजावलं होतं. भटूला आता या कागदातून काहीच मिळत नाही. म्हणून त्याला साक्षीदार करता आलं.

हे मी लिहिलं, मोठ्याने वाचलं, मला पटलं.

(सही) लिला तोताराम सुरवाडे
ठिकाण: भडगाव, जिल्हा जळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १. ज्योत्स्ना बिऱ्हाडे, आरोग्यसेविका, शेजारी, भडगाव. (सही)

साक्षीदार २. भटू तोताराम सुरवाडे, वय ६९, सख्खा भाऊ, भडगाव. (सही)
मजकूर अक्काने मला वाचून दाखवला. कलम ६ मी दोनदा वाचायला लावलं.