घंटेतली मोकळी जागा

प्लिमथ, ६ मार्च १९६२

प्रिय वेना,

गुडघा कसा आहे, विचारलंस. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्या. आई बरी आहे. ब्रिस्टलच्या इस्पितळात शिकाऊ नर्सांना पोटभर जेवायला घालतात की नाही, याचाच तिला घोर. मी मात्र आठवडाभर धड जेवलेलो नाही. आफ्रिकेत तोब्रुकच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी बुडी मारणाऱ्यांना आमच्या 'वेलकोम्ब' बोटीची घंटा सापडली आणि ती इथल्या गोदीतल्या चर्चमध्ये आलीय.

वेलकोम्ब तुला माझ्या गोष्टींमधून ठाऊक आहे. मालाच्या बोटींची राखण करणारी लहानशी विनाशिका, जरा वारा सुटला की चहा कपात राहायचा नाही. पण एक गोष्ट मी कायम गाळत आलो. आरमारात रीत आहे, खलाशाच्या मुलाचा बाप्तिस्मा जहाजावर करायचा, घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरून. मग ते पाणी समुद्राला परत द्यायचं आणि मुलाचं नाव घंटेच्या आत कोरायचं. बेचाळीसच्या जानेवारीत तुझा बाप्तिस्मा तसाच झाला. रडून सगळी गोदी डोक्यावर घेतली होतीस.

कोरायचं काम माझं. घंटा धरायला डेंझिल ट्रेगियर, बॉयलरवरचा माझा जिवाभावाचा दोस्त. 'मॉरवेना' एवढं कोरून झालं आणि निघायचा हुकूम आला. आडनाव राहिलं. पुढे अकरा महिने तो रोज टोमणा मारायचा, "विल्फ्या, माझी लेक काय बेवारस आहे?" मी म्हणायचो, घंटा कुठे पळून चाललीय, उद्या करू.

हो, वेना. 'माझी लेक' असंच म्हणायचा तो. तू त्याची.

डिसेंबरात एका पहाटे तोब्रुकजवळ बोटीला पाणतीर लागला. मी डेकवर होतो, म्हणून वाचलो. बॉयलरकडचं कुणीच वर आलं नाही. नऊ मिनिटांत सगळं संपलं.

मी तुझ्या आईला भेटायला आलो तेव्हा तू दुडूदुडू चालत होतीस. दोन वर्षांनी आम्ही लग्न केलं, तुला माझं 'हॉकिंग' आडनाव लागलं. आई म्हणाली, तिला तूच सांग. म्हटलं, सांगतो, जरा मोठी होऊ दे. तू शाळेत गेलीस, ब्रिस्टलला गेलीस, आणि माझं 'उद्या' काही उजाडलं नाही. आळस नव्हता गं. तू मला बाबा म्हणायचं सोडशील, ही भीती होती.

परवा चर्चच्या पाद्र्यांनी बोलावून विचारलं, मॉरवेनाच्या पुढे जागा मोकळी आहे, तिथे काय कोरायचं? त्या जागेत 'हॉकिंग' नेमकं मावतं. मी मोजून पाहिलं, सांगायलाही लाज वाटते. पण ती जागा माझी नाही. शनिवारी सकाळी मी तिथे 'ट्रेगियर' कोरणार आहे. एकट्याने कोरता येत नाही, घंटा धरायला कुणीतरी लागेल. येशील?

तुझाच,
ज्याला आजवर बाबा म्हणत आलीस तो,
विल्फ